विचारलं तेवढंच

"बाई, जरा मोठा खिळा आहे का एखादा? हा पेलत नाही."

नवे पाळक, शलमोन बनसोडे, स्टुलावर उभे होते. शनिवारची दुपार होती आणि मी उद्याच्या गीतांसाठी पेटी पुसायला मंदिरात आले होते. व्यासपीठामागच्या भिंतीवर ते एक लांबलचक कापड लावत होते. सात हात तरी असेल. मी दिव्याच्या खुंटीचा खिळा काढून दिला, त्यांनी तो ठोकला आणि खाली उतरून चार पावलं मागे गेले.

"काय वाटतं?"

मांजरपाटावर तेलरंगात सगळा काळ काढला होता. डावीकडे एदेनची बाग, उजवीकडे सोन्याचं नगर, आणि मध्ये चौकोनच चौकोन. कर्णे, शिक्के, सात डोक्यांचं श्वापद, हजार वर्षांचं राज्य. खाली कोपऱ्यात अग्नीचं तळं होतं. रंगाऱ्यानं निम्मा रंग त्या तळ्यावरच खर्च केला असावा, इतकं ते झळझळीत होतं.

"छान आहे," मी म्हणाले. मग वाटलं, आपण खरंच छान म्हणतोय का? म्हणून दुरुस्त केलं, "मोठं आहे."

माझं एक व्रत होतं, अजून आहे. पहाटे उठून एक अध्याय वाचल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, आणि वाचून झाला की देवाला म्हणायचं, आज दिवे लागेपर्यंत माझ्या तोंडून खोटं निघणार नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा नवं. एका दिवसाचं व्रत सोपं असतं, अशी एकेका दिवसानं मी तेव्हा तेरा वर्षं पाळली होती. खडकवाडीच्या मंडळीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. बायका थट्टाही करायच्या, "सुवार्ताबाईला भाजीत मीठ विचारू नका गं, खरं सांगेल."

दुसऱ्या दिवशी उपासनेला मंदिर भरलं होतं. पाळकांनी हातभर काठी घेऊन एकेक चौकोन समजावला. आपण कुठल्या चौकोनाच्या काठावर उभे आहोत तेही दाखवलं. शेवटी म्हणाले, "तारीख सांगायचा अधिकार मला नाही. पण दिवाळी बघाल. नाताळाचं सांगता येत नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "मग पाळकसाहेब, हरभरा पेरायचा का नाही?" सगळे हसले. पाळकही हसले. माणूस वाईट नव्हता, हे मला आधी सांगू दे.

मग बायकांच्या बाजूनं ठकूबाई उठली. तिचं बाळ आषाढात गेलं होतं, दोन दिवसांचं होऊन. बाप्तिस्मा व्हायचा होता. ती पदर दाताखाली धरून कापडाकडे बघत म्हणाली, "ह्यात माझं लेकरू कुठल्या चौकोनात आलं?"

पाळकांनी काठी खाली घेतली. "ठकूबाई, शास्त्रात जे स्पष्ट नाही ते मी बोलणार नाही. पण बाप्तिस्म्याविषयी शास्त्र स्पष्ट आहे."

ठकूबाई उभीच. तिला खाली बसायचं सुचेना.

तेव्हा पुरुषांच्या पहिल्या बाकावरून तिमोथी मास्तर उठले. तिमोथी मास्तर आढाव. शहात्तर वर्षांचे, चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेले, तिथल्या निम्म्या माणसांचे कान त्यांनी पिळलेले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, नकाशा कापडाचा आहे. कापड कमी पडलं असेल. बस ठकू, तुझं लेकरू देवाजवळ आहे."

ठकूबाई बसली. पाळकांचे कान लाल झाले. मी पेटीवर शेवटच्या गीताचा सूर धरला, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

तिथून सगळं सुरू झालं.

पुढच्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं की, शेवटच्या दिवसांत कळपात खोटी शिकवण शिरते, म्हणून मंडळीतल्या प्रत्येकाच्या मताची पारख होईल. जो खऱ्या मतात नाही त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस नाही. आणि ज्याला प्रभुभोजन नाही त्याला कबरस्थानात जागा नाही. नियम जुनाच होता, वहीत लिहिलेला. कुणी वापरत नव्हतं इतकंच.

म्हणजे एकदा मात्र वापरला होता. मास्तरांच्याच घरी. त्यांच्या एकुलत्या मुलानं त्याआधी एकोणीस वर्षं विहिरीत जीव दिला होता. तेव्हाच्या पाळकांनी त्याला कबरस्थानाच्या भिंतीच्या आत घेतलं नाही. भिंतीबाहेर, बाभळीखाली पुरला. त्यानंतर मास्तरांच्या घरात त्या पोराचं नाव कुणी घेतलं नाही. साराबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, नाव कानावर पडलं की दातखीळ बसायची, म्हणून आधी घरानं आणि मग सगळ्या गावानं ते नाव टाकलं. साराबाई गेल्या त्या भिंतीच्या आत आहेत. त्यांच्याशेजारची जागा मास्तरांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती. चार दगड मांडून, त्यात झेंडू लावून.

बुधवारी पाळक आमच्या घरी चहाला आले. आमचे हे, सुमंतराव, मंडळीचे पंच होते आणि पुढच्या वर्षी चिटणीस व्हायचं त्यांच्या मनात होतं. मी कप ठेवून आत वळले तर पाळक म्हणाले, "बाई, बसा. सुमंतराव म्हणतात, तुम्ही एकदा त्यांना काही सांगितलं होतं. मास्तरांविषयी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बशीत चहा ओतत होते.

सांगितलं होतं, खरं आहे. कधीतरी भाजी निवडताना, सहज. आमच्याकडे दर रविवारी सगळे उभे राहून मतांगीकार म्हणतात. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवापासून सुरू होतो तो. त्यात एक वाक्य आहे, प्रभू पुन्हा येईल आणि जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, असं. पेटी समोर आडवी असते. पेटीवर बसणाऱ्याला पुरुषांचा पहिला बाक तेवढा नीट दिसतो, बाकी कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. मी पाहिलं होतं की मास्तर मतांगीकार खणखणीत म्हणतात, त्या वाक्यापाशी त्यांचा आवाज थांबतो, आणि ते वाक्य संपलं की पुन्हा सुरू होतो.

"हे खरं आहे का?" पाळकांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

पाळकांनी कप खाली ठेवला. जिंकल्यासारखा नाही, दुखावल्यासारखा. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं या माणसानं," ते म्हणाले.

शनिवारी चार वाजता पंचांसमोर मास्तरांची पारख ठरली.

शुक्रवारी सकाळी मी गीतांची तालीम करायला मंदिरात गेले तर मास्तर आधीच पेटी उघडून बसलेले. भात्याला चीर पडली होती, तिला ते कातड्याचं ठिगळ लावत होते. पेटी मला त्यांनीच शिकवली. लग्न होऊन आले तेव्हा मला सारेगमसुद्धा येत नव्हतं. आधी तेच वाजवत. बोटं सुजायला लागली तेव्हा म्हणाले, सुमंतच्या बायकोला शिकवतो. सासूबाईंनी नाक मुरडलं तर त्यांना म्हणाले, "वहिनी, तिला स्वयंपाक तुम्ही शिकवा. दोन्ही एकदम बिघडायला नकोत."

"ये," ते म्हणाले. "भाता धर जरा. उद्या तुला बोलावतील ना?"

"नाही बोलावलं अजून."

"बोलावतील. मीच सांगणार आहे, तिला बोलवा म्हणून."

मी भाता धरला. डिंकाचा वास येत होता. मास्तर ठिगळावर अंगठा दाबून बसले.

"तू काय बघतेस ते मला ठाऊक आहे, सुवार्ते. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुला इथं मीच बसवलं, इथून काय दिसतं ते मला कळत नसेल?"

"मास्तर, मी ह्यांना सहज बोलले होते. हे पुढं जाईल असं—"

"अगं, असू दे. मला स्वतःला बोलता येणार नाही तिथं. प्रयत्न करून पाहिलाय. घशापर्यंत येतं आणि थांबतं. तू बोल. बघितलंस ते सगळं सांग. बनसोडे कडक आहे, पण तोही लेकुरवाळा आहे. त्याला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर नाही. मला काही नगर नको आणि हजार वर्षं नकोत. सारीजवळची ती जागा तेवढी हवी. एकटी असते ती तिथं." त्यांनी अंगठा उचलला, ठिगळ बसलं होतं. "वाजव बघू."

मी वाजवली. मधल्या सप्तकातला पंचम जरा बसका लागत होता. ते म्हणाले, "तो आता माझ्यासारखाच राहणार."

त्या संध्याकाळी ह्यांना वाढताना मी म्हणाले, "मास्तरांनी मला बघितलं ते सगळं सांगायला सांगितलंय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "सगळं म्हणजे?"

मी सांगितलं. ह्यांनाही ते माहीत नव्हतं. भाजी निवडताना मी निम्मंच बोलले होते.

ह्यांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "हे तर त्याहून वाईट. गाळणं एक वेळ चालेल, पण हे आपल्या मतात बसत नाही. बनसोडे साहेब उभे कापतील. आणि पहिलं तुलाच विचारतील, बाई, इतकी वर्षं हे बघत होतात आणि गप्प का बसलात? तूही त्यातलीच का?"

"पण मास्तर म्हणाले—"

"मास्तरांचं काय, त्यांचं झालं सगळं. आपल्याला इथं राहायचंय. हे बघ, तुझं व्रत मोडायला मी सांगत नाही. खोटं बोलू नकोस. विचारतील तेवढंच सांग. होय तर होय, नाही तर नाही. प्रभूनंच सांगितलंय की, त्याहून जास्त बोलू नये."

पहाटे मी अध्याय वाचला, व्रत घेतलं. आज दिवे लागेपर्यंत माझ्या तोंडून खोटं निघणार नाही. त्या दिवशी ते फार सोपं वाटलं.

चार वाजता सात पंच एका बाकावर दाटीनं बसले होते. हे कडेला. मास्तर समोर खुर्चीत, टोपी मांडीवर. मला पेटीजवळच्या माझ्याच जागेवर बसवलं होतं. मास्तरांच्या डोक्यावर बरोबर ते अग्नीचं तळं येत होतं.

"मास्तर," पाळक म्हणाले, "प्रभूच्या येण्यावर तुमचा विश्वास आहे?"

"वाटच बघतोय."

"न्यायावर?"

"आहे."

"मग मतांगीकारातलं न्यायाचं वाक्य तुम्ही का गाळता?"

"गाळत नाही मी."

"मग काय करता?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मी बघत होते. ओठ हलले, मान पुढं आली, गळ्याची शीर फुगली, आणि काही बाहेर आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं. टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे बोट केलं.

"तिला विचारा. ती समोर बसते. ती खोटं बोलत नाही."

सगळ्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं. हे सोडून. हे आपल्या चपलांकडे बघत होते.

"सुवार्ताबाई," पाळक म्हणाले, "देवाला स्मरून सांगा. मास्तर ते वाक्य म्हणतात का?"

"नाही."

"किती वर्षं?"

"मी पेटीवर बसते तेव्हापासून."

"एकदाही म्हटलं नाही?"

"नाही."

मास्तर माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. रविवारच्या शाळेत एखादं पोर पाठांतर अर्धं म्हणून अडलं की ते असेच बघायचे, भुवया जराशा वर करून. येतंय पुढचं, येऊ दे, घाई नाही. मला पुढचं येत होतं. जिभेवर होतं. मी पेटीच्या भात्यावरच्या ठिगळाकडे बघत राहिले. नवं कातडं जुन्यापेक्षा पिवळं दिसत होतं.

ह्यांनी घसा खाकरला.

"पुरे," पाळक म्हणाले. "बाईंना आणखी त्रास नको."

मास्तरांच्या भुवया खाली आल्या. त्यांनी टोपी घातली, खुर्चीचे हात धरून उठले. पंच काय ठरवतात ते ऐकायला थांबले नाहीत. माझ्याजवळून जाताना पाऊलभर थबकले.

"खरं बोललीस, पोरी," ते म्हणाले.

त्या रात्री मी जेवले, हे मला लपवायचं नाही. बाजरीची भाकरी होती आणि ठेचा. जेवण गोड लागलं. झोपताना मी देवाला म्हणाले, आजचा दिवस पाळला.

त्यानंतर मास्तर पहिल्या बाकावर बसले नाहीत. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, एकटे बसायचे. प्रभुभोजनाचं ताट बाकामागून बाक फिरत यायचं आणि त्यांच्या अलीकडच्या माणसापाशी वळायचं. ते दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसायचे, चुकून कुणी ताट पुढं केलं तर त्याला अवघड वाटू नये म्हणून. मतांगीकार तेव्हाही म्हणायचे. आता तिथून मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

दिवाळी झाली. नाताळाला तीन आठवडे असताना मास्तर गेले. शेळी बांधायला उठले आणि दावं हातात धरूनच बसल्या जागी गेले.

खड्डा भिंतीबाहेर काढला, बाभळीपासून दोन पावलांवर. पाळक आले होते. प्रार्थना केली नाही, पण आले होते. आमच्यात प्रेताचे पाय पूर्वेला करतात. प्रभू पूर्वेकडून येईल तेव्हा माणूस उठून उभा राहिला की त्याच्यासमोरच असावा, म्हणून. खड्डा काढणारा आमच्यातला नव्हता, पण त्याला रीत ठाऊक होती. तरी भिंतीबाहेरचं म्हणून त्यानं विचारलं, "साहेब, पाय कुणीकडं करू?"

"कुठंही चालतील," पाळक म्हणाले.

सगळे गप्प. हे गप्प, मी गप्प. मग ठकूबाई पुढं झाली. ती पाळकांकडे बघत नव्हती, खड्ड्याकडे बघत होती.

"पूर्वेलाच कर, भाऊ," ती म्हणाली. "बाकी काही नाही तर मास्तरांना उजाडलेलं तरी कळेल."

नाताळ आला आणि गेला. पाळकांनी त्यानंतर काठीनं कापडावरचे चौकोन दाखवले नाहीत. एका रविवारी आलो तर दोन चौकोनांवर पांढरा रंग फासलेला. दुसऱ्या वर्षी त्यांना मोठ्या मंडळीत बोलावणं आलं, निरोपसमारंभ झाला, मीच पेटी वाजवली. कापड राहून गेलं. आधी नाताळच्या नाटकाला मागे लावायचे, मग उंदरांनी खालचं तळं कुरतडलं, तेव्हा उरलेल्यातून पेटीवर घालायला खोळ शिवली. हजार वर्षांचं राज्य बरोबर भात्यावर येतं.

हे चिटणीस झाले. बारा वर्षं होते. ते गेले तेव्हा कबरस्थानात जागेची अडचण होती. पंच म्हणाले, साराबाईंशेजारी चार दगडांची जागा रिकामीच पडून आहे. कुणी हरकत घेतली नाही. मला विचारलं, "चालेल ना, बाई?"

"चालेल," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. झेंडू उपटून तिथं ह्यांना ठेवलं. साराबाईंच्या एका बाजूला माझा नवरा आहे. भिंतीपलीकडे त्यांचा नवरा आहे, आणि त्यांचा मुलगा.

आता सांगते. त्या दिवशी जिभेवर आलेलं.

मास्तर त्या वाक्यापाशी गप्प होत नसत. आवाज थांबायचा, ओठ थांबत नसत. सगळी मंडळी, प्रभू येईल आणि न्याय करील, असं म्हणत असताना मास्तरांचे ओठ दोनदा मिटून उघडायचे आणि मग तोंड जरा वासलेलं राहायचं. पहिली दोन-तीन वर्षं मला ते कळलं नाही. मग एका रविवारी पेटीवर बसल्या बसल्या मी आपल्याच ओठांनी तसं करून पाहिलं, आवाज न काढता. आणि कळलं.

प्रभाकर.

दर रविवारी, न्यायाच्या त्या वाक्यावर, जगात दुसरीकडे कुठेही न घेता येणारं ते नाव बाप न्यायाधीशासमोर ठेवत होता. बाकी काही मागत नव्हता. माफ कर म्हणत नव्हता, वर ने म्हणत नव्हता. फक्त आठवण करून देत होता की, हाही एक आहे, बाभळीखाली.

मेलेल्यांसाठी प्रार्थना आमच्या मतात बसत नाही, हे खरं आहे. पाळकांनी तेही धरलं असतं, हेही कदाचित खरं आहे. पण कदाचित त्यांनी काठी खाली ठेवली असती. त्यांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि मंदिराच्या आवारात पतंग उडवायचा. मला ते कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना ते कळू दिलं नाही. मी ना मास्तरांना वाचवत होते, ना मताला. मी व्रत पाळत होते.

मी आता एकाहत्तर वर्षांची आहे. बोटं सुजतात, पंचम अजून बसकाच लागतो. पहाटेचा अध्याय चुकलेला नाही आणि खोटं बोललेले नाही. रविवारी मी मतांगीकार सगळा म्हणते, न्यायाचं वाक्य इतरांपेक्षा जरा मोठ्यानं. पहिल्या बाकावर बसलेल्यांना वाटतं, सुवार्ताबाईंचा विश्वास दांडगा.

आहे दांडगा. तो येईल यावर माझा विश्वास आहे, आणि माझी पाळी आली की तो मला विचारील यावरही. पण बनसोडे पाळकांनी विचारलं तेवढंच तो विचारणार नाही.